बोटखत, रुमाल आणि तिकीट

भात पिवळं पडायला लागलं की खोताची माणसं बांधावर येऊन उभी राहत. उभ्या पिकावर नजर फिरवून या खाचरात अमुक मण भात निघेल, असं सांगून टाकत. या नजरअंदाजाला अभावणी म्हणत. खाचर अर्धेलीचं असेल तर त्या आकड्याचा अर्धा भाग खोताच्या कोठारात जायचा. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा, म्हणजे तिर्धेल, वेगळी. अंदाज खोताचा, माप खोताचं आणि हिशोबाची वहीही खोताच्याच घरात. गेल्या वर्षी आपण किती घातलं आणि बाकी किती राहिली, याचा लेखी पुरावा कुळाच्या घरात बहुधा नसायचाच.

एकोणिसाव्या शतकातल्या रत्नागिरी जिल्ह्याची गोष्ट सांगायची तर या वहीपासून सुरुवात करावी लागते. तेव्हा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे आजच्या सिंधुदुर्गातले तालुकेही त्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. यातली बहुसंख्य गावं खोती. खोत सरकारला कबुलायत लिहून द्यायचा, गावाचा सारा भरायचा आणि कुळांकडून वसुली करायचा. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये तो उभा होता. दोघांनाही जे दिसायला हवं होतं, ते त्याच्या एकट्याच्या वहीत होतं.

बँकेतला आपला तपशील कोणी पाहावा, मोबाइलवरच्या जाहिरातीत काय खरं असावं आणि रस्त्यासाठी पैसे मोजणाऱ्याच्या पदरात काय पडावं, या तीन प्रश्नांवर आज देशभर कायदे आणि नियम होत आहेत. प्रश्न नवे वाटतात. पण रत्नागिरीनं ते गेल्या दीडशे वर्षांत जमीन, आंबा आणि प्रवास या तीन रूपांत अनुभवले आहेत. त्या अनुभवातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. नुसती मनाई करणारा नियम इथं फार काळ चालला नाही. दुबळ्या बाजूच्या हातात पडताळून पाहता येईल असा कागद ज्या नियमानं दिला, तोच माणसांच्या उपयोगी पडला.

कुळाचं नाव कागदावर

इंग्रजांना खोती समजून घ्यायलाच काही दशकं लागली. कॅप्टन विंगेट यांनी १८५१ मध्ये या पद्धतीवर अहवाल लिहिला. १८६५ च्या पाहणी आणि जमाबंदीच्या कायद्यानंतर जिल्ह्यात मोजणी सुरू झाली, तेव्हा खोतांनी तीव्र विरोध केला. जमीन मोजून प्रत्येक कुळाचं नाव आणि देणं सरकारी दप्तरात लिहिलं की खोताचा अधिकार आपोआप आखला जातो, हे त्यांनी ओळखलं होतं. वाद अनेक वर्षं चालला आणि अखेर १८८० चा पहिला कायदा, खोती जमाबंदीचा कायदा, मंजूर झाला.

या कायद्यानं कुळांची प्रतवारी लावली. फक्त सरकारी साऱ्याइतकंच देणारे धारेकरी, त्याच्या दीडपट किंवा दुप्पट देणारे दिडपटकरी-दुपटकरी, आणि १८४५-४६ च्या महसुली वर्षापासून सलग तीच जमीन कसणारी वहिवाटीची कुळं. या शेवटच्या वर्गाचा हक्क वारसानं पुढे जाईल, असं कायद्यानं मान्य केलं. गावोगावची नोंद तयार झाली: कोणत्या शेतात कोण, कोणत्या हक्कानं, किती देणं लागतो. कोकणात तिला बोटखत म्हणतात.

बोटखताचं मोल मोठं होतं. पिढ्यानुपिढ्या कसणाऱ्या माणसाचं नाव पहिल्यांदाच खोताच्या घराबाहेरच्या कागदावर आलं. पण कायद्याची उणीवही तिथंच होती. १८४५ पासूनची सलग वहिवाट दाखवायची तर जुना कागद हवा, आणि जुना कागद बहुतेक वेळा खोताकडेच. जमीन दुसऱ्याला द्यायची तर खोताची संमती हवी. नोंदी मोडीत, कुळाला मोडीच काय, बाळबोधही वाचता येत नव्हती. हक्क लिहिला गेला, पण ज्याचा हक्क त्याला तो वाचता आला नाही. आजही कोकणातल्या जमिनीच्या जुन्या दाव्यांत बोटखताचा उतारा घेऊन मोडी जाणणाऱ्याचा शोध घ्यावा लागतो.

घाटावर याच सुमारास एक वेगळा प्रयोग झाला होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि दंगा पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्यानं कर्जरोख्यांवर होता. ते मिळवून जाळायचे, हा त्यांचा हेतू. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात एक दूरदृष्टीची तरतूद होती. शेतकऱ्यानं पैसे भरले की सावकारानं लेखी पावती द्यायची, मागितल्यास वर्षाचा हिशोब द्यायचा आणि पासबुकात व्यवहार मांडून द्यायचा. आपल्या कर्जाचा तपशील आपल्याला मिळाला पाहिजे, हा हक्क महाराष्ट्राच्या कायद्यात इतका जुना आहे.

खोतीच्या बाजूनंही वजनदार माणसं उभी होती. दापोलीजवळच्या मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी खोतांची बाजू मांडली. पुढे शतकाच्या अखेरीस खोतीच्या कायद्यात बदल करायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्याला विरोध केला. खोतांच्या वतनी हक्कात सरकार हात घालतं आहे, अशी त्यांची भूमिका होती. कुळांची बाजू कायदेमंडळात ठामपणे मांडली ती ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. खोताला भरपाई आणि कसणाऱ्याला थेट सरकारशी नातं, असा त्याचा गाभा होता. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून पेरणीच बंद ठेवली होती. तो संप १९३९ पर्यंत चालला.

विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं, १९५० मध्ये. पुढे कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्याचं नाव मालक म्हणून सातबाऱ्यावर येऊ लागलं. १८८० च्या बोटखतापासून तिथपर्यंत ७७ वर्षं गेली. नोंद होणं ही पहिली पायरी होती. ती नोंद आपली म्हणून मागता येणं, वाचता येणं आणि तिच्या बळावर उभं राहता येणं यासाठी दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या.

पोस्टमन पडवीत बसतो तेव्हा

१८८० हे वर्ष रत्नागिरीला आणखी एका कारणानं महत्त्वाचं. त्या वर्षी १ जानेवारीपासून टपाल खात्यानं मनिऑर्डर सुरू केली. जिल्ह्यातला कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा घरगड्याच्या नोकरीत. बायकामुलं, म्हातारे आणि खाचर गावाला. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या, पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या लोकांची संख्या दोन लाखांवर होती. या माणसांनी पाठवलेल्या पैशांवर गावातली चूल पेटायची. कोकणच्या अर्थव्यवस्थेला ‘मनिऑर्डरची’ म्हणत आले ते उगाच नाही.

मनिऑर्डर येण्यापूर्वी गावाला निघालेल्या ओळखीच्या माणसाजवळ रक्कम द्यायची, एवढाच साधा मार्ग होता. त्यानं ती पोचवली का, किती पोचवली, हे कळायला पुढच्या माणसाच्या परत येण्याची वाट पाहावी लागे. मनिऑर्डरनं ही वाट बंद केली नाही. तिची गरजच संपवली. फॉर्मच्या खाली एक छोटं कूपन असायचं. त्यावर दोन ओळींत खुशाली मावायची. पोस्टमन पडवीत बसून रक्कम मोजून द्यायचा. घेणारीला सही येत नसेल तर साक्षीदारासमोर तिचा अंगठा घ्यायचा. मग ती पोच उलट टपालानं मुंबईच्या चाळीत पाठवणाऱ्याकडे जायची. पाठवणाऱ्याच्या हातात पावती, घेणारीच्या हातात पैसे आणि कूपन, आणि मधल्या खात्याच्या दप्तरात नोंद. तिघांचे कागद एकमेकांशी जुळले की फसवणुकीला जागा उरत नसे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ही पद्धत वापरता येत होती, हे तिचं मोठं यश.

गिरणगावातल्या सावकारीला मात्र अशी शिस्त लागायला वेळ लागला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानं परवाना सक्तीचा केला. हिशोबाच्या वह्या ठेवणं, कर्जदाराला हिशोबाचं विवरण देणं आणि प्रत्येक परतफेडीची पावती देणं हेही सावकारावर बंधनकारक झालं. त्याची जागा आता महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानं घेतली आहे. कायदा चांगला होता. पण गरजेच्या वेळी हात पसरणारा माणूस सावकाराला परवाना विचारत नाही, हेही खरं होतं.

सावकार आता फोनच्या पडद्यावरही आला आहे. अ‍ॅपवरून मिनिटांत कर्ज मिळतं. त्या बदल्यात अनेक अ‍ॅपनी फोनमधली नावांची यादी, फोटो, सगळं उचललं. हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून बदनामी करण्याचे प्रकार देशभर घडले. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम केले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात गेली पाहिजे. अ‍ॅपला फोनमधली नावांची यादी किंवा फोटो बघता येणार नाहीत. आणि करार होण्याआधी वर्षाचा एकूण व्याजदर व सगळे आकार एका पत्रकात लिहून दिले पाहिजेत. १८७९ च्या पासबुकाचा हा थेट वारस आहे.

दुसरी व्यवस्था अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची. रिझर्व्ह बँकेनं तिचे नियम २ सप्टेंबर २०१६ रोजी काढले आणि २०२१ मध्ये बँकांनी ती वापरायला सुरुवात केली. राजापूरच्या एखाद्या काजू प्रक्रिया करणाऱ्या बाईंना कर्ज हवं आहे, असं समजू. एरवी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट छापून, शिक्का मारून द्यावं लागतं. इथं त्या आपल्या संमतीनं एका बँकेतला तपशील दुसऱ्या बँकेला पाठवू शकतात. कोणता तपशील, कशासाठी, किती दिवसांसाठी, हे संमतीत लिहिलेलं असतं आणि ती संमती मागेही घेता येते. मधल्या अ‍ॅग्रिगेटरला तो तपशील उघडून वाचायची किंवा साठवून ठेवायची परवानगी नाही. मधल्या माणसाच्या हातून वही काढून घेण्याचं काम इथं नियमानं केलं आहे.

तरी बोटखताचा धडा विसरून चालणार नाही. संमतीचा मजकूर बारीक अक्षरात आणि इंग्रजीत असेल तर ती मोडीतली नोंदच झाली. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात याची दखल आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत ही सूचना वाचण्याचा पर्याय माणसाला दिला पाहिजे, असं तो सांगतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. हा हक्क रत्नागिरीतल्या प्रत्येक बँकेच्या शाखेत आणि प्रत्येक अ‍ॅपवर मागितला गेला पाहिजे.

रुमालाखालचा भाव

हापूस पिकतो रत्नागिरीत आणि त्याचा भाव ठरतो मुंबईत. पूर्वी आंबा शिडाच्या गलबतांतून आणि पुढे आगबोटीतून जायचा. मग ट्रक आले. संध्याकाळी भरलेला ट्रक रात्रभर घाट उतरून-चढून पहाटे बाजारात पोचू लागला. पण बागायतदाराला भाव कळायची वाट तीच राहिली: दलालाकडून येणारी पट्टी. पेट्या किती, भाव काय, त्यातून भाडं, हमाली, आडत वजा जाता हाती किती. पेटीमागं एवढे कमी का आले, याचं उत्तर पट्टीवर नसायचं. कलमांच्या फवारणीसाठी आणि राखणीसाठी मोसमाआधी त्याच दलालाकडून उचल घेतलेली असेल, तर प्रश्न विचारायची सोयही राहत नसे.

भाव ठरायचा तो रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल टाकत आणि बोटं दाबून आकडा सांगत. भोवती दहा माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळे. अशा गुप्त सौद्यांविरुद्ध देशात मोठी मोहीम झाली. शेतीविषयक रॉयल कमिशननं १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांतानं १९३९ मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा केला आणि महाराष्ट्रानं १९६३ मध्ये आपला. मुंबई बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली. फळबाजार क्रॉफर्ड मार्केटमधून वाशीला गेला तो १९९६ मध्ये. उघड लिलाव हा या साऱ्या नियमांचा पाया.

जागा बदलली, रुमाल सहजासहजी गेला नाही. कोकणातले बागायतदार वाशीतल्या रुमालाखालच्या व्यवहाराबद्दल पुढेही तक्रारी करत राहिले. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि आडतीचा भार शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकला. हा बदल मोठा होता. थेट विक्रीचा रस्ता खुला झाला. रत्नागिरी, पावस, गणपतीपुळे भागातले बागायतदार पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत स्वतः पेट्या पोचवू लागले आणि फोनवर मागणी घेऊ लागले.

पण भाव उघड झाला तसा नावाचा प्रश्न पुढे आला. ‘रत्नागिरी हापूस’ छापलेल्या पेटीत कर्नाटकातून आलेला आंबा भरायचा, ही फसवणूक कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. मालाच्या उगमस्थानाबद्दल खोटं छापू नये, हे सांगणारा कायदा भारतात १८८९ पासून होता. तेव्हाच्या मर्चंडाइज मार्क्स कायद्यात तशी तरतूद होती. पण पेटीतला आंबा नेमका कुठला, हे गिऱ्हाईकाला पडताळून पाहायची सोय नव्हती. त्यामुळे कायदा होता आणि खोट्या पेट्याही होत्या.

३ ऑक्टोबर २०१८ रोजी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. या मानांकनाचा खरा उपयोग कसा होतो हे समजून घेतलं पाहिजे. मानांकन पाचही जिल्ह्यांतल्या हापूसला मिळालं, तरी ते नाव वापरण्यासाठी प्रत्येक बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. खोटं मानांकन वापरणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा १९९९ च्या कायद्यात आहे. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेनं २०२५ च्या हंगामात एक पाऊल पुढे टाकलं. फळावर लावायच्या स्टिकरला वेगळा क्रमांक दिला, आणि तो क्रमांक पाठवून आंबा खरा का, हे गिऱ्हाईकाला घरबसल्या तपासता येऊ लागलं.

परदेशच्या बाजारानं हेच कोकणाला आधी शिकवलं होतं. मे २०१४ मध्ये फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघानं भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती जानेवारी २०१५ मध्ये उठवायचं ठरलं. निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येईल अशी व्यवस्था तिथं अपरिहार्य झाली. लंडनच्या गिऱ्हाइकाला ज्या बागेचा क्रमांक कळतो, तो ठाण्याच्या गिऱ्हाइकाला का कळू नये?

आता विक्री मोबाइलवर आली आहे. जानेवारी संपत नाही तोच ‘अस्सल रत्नागिरी हापूस, थेट बागेतून’ अशा जाहिराती दिसू लागतात. फोटो दुसऱ्याच कोणाच्या बागेचा असतो, आगाऊ पैसे घेऊन पेटी येतच नाही किंवा येते ती वेगळ्याच आंब्याची. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करणारं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०१९ च्या कायद्यानुसार जुलै २०२० मध्ये सुरू झालं. ऑनलाइन विक्रीचे नियम त्याच वर्षी आले. विक्रेत्याचा तपशील आणि तक्रार कोणाकडे करायची हे दाखवणं त्यांनी बंधनकारक केलं. जून २०२२ मध्ये दिशाभुलीच्या जाहिरातींबद्दल, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये गिऱ्हाइकाला पडद्यावर फसवून खरेदीला लावणाऱ्या युक्त्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आली.

नियम भरपूर आहेत. उणीव आहे ती एका ओळीची. हापूसची जाहिरात चालवणाऱ्या प्रत्येक मंचानं विक्रेत्याचा मानांकन-नोंदणी क्रमांक जाहिरातीतच दाखवला पाहिजे. क्रमांक नसेल तर ‘रत्नागिरी’ हे नाव वापरता येणार नाही, एवढी सक्ती केली तर गिऱ्हाईक स्वतःच पडताळणी करेल. त्यासाठी निरीक्षकांची फौज लागणार नाही.

तिकीट आणि पूल

रस्त्याच्या बाबतीत रत्नागिरी कायम उशिरा पोचली. समुद्र हाच तिचा जुना हमरस्ता. आगबोट किनाऱ्याला लागत नसे. प्रवासी पडावात उतरून बंदरावर यायचे. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे मुंबईचा तो मार्गही बंद. मग आंबा घाट आणि कुंभार्ली घाटानं आधी घाटमाथा गाठायचा. रेल्वे तर गेल्या शतकाच्या अखेरीस आली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली.

मोटारी आल्या तेव्हा त्या खासगी होत्या. गाडी भरली की सुटणार, आणि भाडं मालक ठरवेल ते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं परवाने, प्रवाशांची संख्या आणि भाडं यांवर सरकारी देखरेख आणली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली आणि पुढच्या वर्षांत ती लाल गाडी कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर पोचली.

एसटीनं गावकऱ्याला गाडीबरोबरच तिकीट दिलं. कंडक्टरच्या हातातला तिकिटांचा ट्रे, टप्प्यानुसार ठरलेलं भाडं आणि पंचानं पाडलेलं भोक. कुठून बसलो, कुठं उतरायचं, किती पैसे दिले, सगळं त्या चिटोऱ्यावर. मध्येच तपासनीस चढला की कंडक्टरचं वेबिल आणि प्रवाशांची तिकिटं जुळवून बघायचा. भाड्यासाठी घासाघीस संपली. लांज्याच्या शेतकऱ्यालाही तोच दर आणि मामलेदारालाही तोच. पुढे १ एप्रिल २०१६ पासून या तिकिटावर अपघात साहाय्यता निधीचा एक रुपया जमा होऊ लागला. प्रवासात प्रवाशाचा अपघाती मृत्यू झाला तर वारसांना दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळेल, अशी ही योजना आहे.

त्यानंतर चारच महिन्यांनी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ साली बांधलेला पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या रत्नागिरी जिल्ह्यातून सुटलेल्या दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असं सरकारनं सांगितलं. ज्यांचे जीव त्या पाहणीवर अवलंबून होते, त्या चालक-वाहकांना आणि प्रवाशांना तो अहवाल कधी दिसला नव्हता. प्रवाशाकडे तिकीट होतं. पुलाचा कागद त्याच्याकडे नव्हता.

सावित्रीवरचा नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये, उभा राहिला. मनात आणलं की काम होतं, याचा तो पुरावा. त्याच मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण मात्र २०११ पासून चालूच आहे. मुदतीमागून मुदती टळल्या. खड्डे आणि रखडलेल्या कामाविरुद्ध चिपळूणचे वकील ओवेस पेचकर यांनी २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. काम किती झालं याचा तपशील सरकारला न्यायालयात वेळोवेळी द्यावा लागला, तेव्हाच तो लोकांसमोर आला.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवापुढे ही रक्कम फार थोडी आहे. शिवाय दोष सिद्ध करायचा तर त्या रस्त्याचे कागद हवेत: काम कोणी केलं, कधी केलं, दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षं कोणाची. आणि ते कागद यंत्रणेकडेच असतात. १८८० मध्ये कुळाची जी अडचण होती, तीच आज या महामार्गावरच्या परशुराम घाटात गाडी घालणाऱ्याची आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, पण प्रत्येक खड्ड्यासाठी अर्ज करत बसणं हे नागरिकाचं काम नव्हे. पुलाच्या तपासणीची तारीख आणि निष्कर्ष पुलाच्या दोन्ही टोकांना पाटीवर लिहिले पाहिजेत. रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यावर कंत्राटदाराचं नाव आणि देखभालीची मुदत मराठीत ठळक दिसली पाहिजे.

खोती, आंबा आणि रस्ता या तिन्हींत नियम करणाऱ्यांनी एकच कसोटी लावावी: ज्याच्यासाठी नियम केला त्याला तो आपल्या भाषेत वाचता येतो का, आणि त्याच्या आधारे समोरच्याला जाब विचारता येतो का. बँका, जाहिरातीचे मंच आणि महामार्गाची यंत्रणा या तिघांनाही ही कसोटी लागू आहे. ती लावून घेण्याचं काम मात्र वाचकांनाच करावं लागेल. कर्ज घेण्याआधी व्याजाचं पत्रक मराठीत मागा. हापूसच्या पेटीचे पैसे देण्याआधी विक्रेत्याला मानांकनाचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि गावाजवळच्या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली, हे येत्या ग्रामसभेत लेखी विचारून त्याचं उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.